कृष्णधवल फोटोत फक्त छत्री लाल कशी करायची?

प्रश्न: आजीचा जुना फोटो स्कॅन केलाय. तिच्या हातातली छत्री तेवढी लाल हवी. गिम्प या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये लाल रंग निवडून ब्रश फिरवला तरी राखाडीच उमटतो! काल दोन तास डोकं फोडलं.

उत्तर १: फाइल ग्रेस्केलमध्ये (फक्त राखाडी छटा) असणार. इमेज मेनूत मोड आरजीबी (रंगीत) करा. मग वर नवा पारदर्शक लेयर (थर) घ्या, त्याचा मोड 'एचएसएल कलर' ठेवा आणि मऊ ब्रशने रंगवा. कापडाच्या घड्या, सावल्या तशाच दिसतात. नॉर्मल मोडमध्ये रंगवलंत तर छत्री कागद कापून चिकटवल्यासारखी दिसेल. (मी वर्षभर तेच करत होतो.)

प्रश्नकर्ती: उमटला लाल! पण जिथे ऊन पडलंय तिथे पांढरंच राहतंय. आणि आजीची बोटंही रंगली.

उत्तर २: कलर मोड उजेडाला हात लावत नाही, म्हणून शुद्ध पांढऱ्यावर काही चढत नाही. तिथे 'मल्टिप्लाय' (खालचं गडद करणारा मोड) ठेवून वेगळा लेयर, अपॅसिटी (रंगाचा दाटपणा) अगदी कमी. मी तर थोडं पांढरं राहू देईन, चमक वाटते. बोटांसाठी लेयर मास्क (थराचा भाग झाकणारा पडदा) लावून त्यावर काळा ब्रश फिरवा. खोडरबर नको, चुकलं तर नंतर परत आणणं अवघड जातं.

प्रश्नकर्ती: लाल रंगाच्या लेयरची अपॅसिटी ६० वर आणली. आता भडक नाही वाटत. दांडा मात्र राखाडीच ठेवला.