मदत हवी आहे: टीवायच्या मुलांना बायोइन्फॉर्मेटिक्स शिकवायचंय, बटण दाबण्यापलीकडे

नमस्कार. मुंबईतल्या एका कॉलेजात टीवाय बीएस्सी लाइफ सायन्सला शिकवते. यंदा बायोइन्फॉर्मेटिक्सची (डीएनए-प्रथिनांचा डेटा कॉम्प्युटरवर तपासण्याची) प्रॅक्टिकल्स माझ्याकडे आहेत. मुलं 40, चालू कॉम्प्युटर 14, नेट दुपारनंतर रडतं.

ब्लास्ट, म्हणजे डेटाबेसमधून जुळणारे सिक्वेन्स शोधणारं साधन, सगळ्यांना येतं. सिक्वेन्स (डीएनए किंवा प्रथिनाच्या अक्षरांची ओळ) चिकटवायचा, बटण दाबायचं, वरची ओळ जर्नलमध्ये उतरवायची, सही घ्यायची. ई-व्हॅल्यू (इतकं चांगलं जुळणं निव्वळ योगायोगाने किती वेळा होईल, याचा अंदाज) म्हणजे काय विचारलं की "मॅम, बेस्ट मॅच". डेटाबेस बदलला की तोच आकडा का बदलतो, हे एकालाही सांगता आलं नाही. याचा मला फार त्रास होतो.

मागच्या आठवड्यात मात्र वेगळं घडलं. सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घेतला होता. बीटा ग्लोबिन या हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनाच्या जनुकाचे सुरुवातीचे दहा कोडॉन (एका अमिनो ॲसिडसाठीची तीन-तीन अक्षरं) आधी कागदावर हाताने वाचायला लावले, मग नॉर्मल आणि सिकल शेजारी शेजारी. जीएजीच्या जागी जीटीजी, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन. पालघरकडून येणारी, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी कागदावर बोट ठेवून म्हणाली, "मॅम, पुस्तकात सहावं लिहिलंय, इथे सातवं येतंय. कोण चुकलं?" चुकलं कोणीच नाही. सुरुवातीचं मेथिओनिन तयार प्रथिनात उरत नाही म्हणून पुस्तक ते मोजत नाही, डेटाबेस मोजतो. पण ते कळेपर्यंत अख्खा वर्ग त्यावर भांडला!

चार प्रॅक्टिकल्स उरलीत, दोन-दोन तासांची. असेच प्रश्न मुलांकडून निघावेत असं वाटतं. जिनोमिक्ससाठी कुठला डेटा घेऊ? माणसाचा जिनोम तीन अब्ज बेसचा, आमच्या मशीनना झेपणार नाही. आणि लिनक्सवर कमांड लाइन शिकवू की गॅलक्सीवर (ब्राउझरमधून बटणं दाबून वापरायच्या साधनावर) भागवू?

उत्तर 1
ताई, फाय एक्स 174 या जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूचा जिनोम घ्या. फक्त 5386 बेस, सँगर यांच्या गटाने 1977 मध्ये वाचलेला. फाइल पेन ड्राइव्हवरून वाटता येते. त्यात डी जनुकाच्या पोटात ई जनुक आहे, वेगळ्या फ्रेममध्ये, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट वेगळ्या अक्षरापासून पाडून. आधी सांगू नका, ओआरएफ (सुरुवातीच्या कोडॉनपासून थांब्याच्या कोडॉनपर्यंतचा, जनुक असू शकेल असा पट्टा) शोधताना मुलांनाच अडखळू द्या.

ई-व्हॅल्यूसाठी पंचवीसेक अक्षरांचा तुकडा आधी मोठ्या डेटाबेसवर, मग एकाच जिवाणूच्या जिनोमवर शोधायला लावा. लांब सिक्वेन्सला दोन्हीकडे शून्यच येतो, फरक दिसत नाही. डेटाबेस जितका मोठा, तितकं योगायोगाने जुळणं जास्त, हे तिथे दिसतं.

लिनक्सआधी एक्सेलमध्ये 'मार्च1' हे जनुकाचं नाव इंग्रजीत टाकायला सांगा. त्याची तारीख होते. असल्या जनुकांची नावं शेवटी बदलावी लागली. साध्या टेक्स्ट फाइल आणि कमांड लाइन कशाला हव्यात, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

मूळ प्रश्नकर्ती
मनापासून आभार! फाय एक्स सोमवारीच घेते. ओआरएफ शोधताना किमान लांबी 300 बेस ठेवू का?

उत्तर 1
नको, ई जनुक 276 बेसचंच आहे, गळून जाईल. पण अर्ध्या वर्गाला 300 द्या, अर्ध्याला 75, आणि मग याद्या एकमेकांना दाखवायला लावा.