मदत हवी आहे: या तबकडीवरचा ट्रम्पेट कोणाचा?

मंडळी, चोरबाजारातून ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी) एक तबकडी मिळाली आहे. पन्नासच्या दशकातलं हिंदी सिनेमाचं गाणं. लेबलवर गायिका आणि संगीतकार, बस्स. वादकांची नावं तेव्हा छापायचं कोण!

पण मधल्या तुकड्यात ट्रम्पेट काय वाजवलाय! आधी म्यूट (ट्रम्पेटच्या तोंडाशी बसवायचं बूच) लावून दबक्या आवाजात, मग म्यूट काढून थेट वरच्या पट्टीत. लांब सूर सरळ धरतो आणि शेवटाला तेवढा थरथरवतो. ढंग सरळसरळ अमेरिकन जॅझवाल्या लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाचा.

आता सगळे 'चिक चॉकलेट' म्हणणार, म्हणजे गोव्याचे ते नावाजलेले ट्रम्पेटवादक. संगीतकार सी. रामचंद्रांकडे ते होते, 'अलबेला'त (१९५१) पडद्यावरही दिसतात. पण गोव्याहून आलेले कितीतरी वादक तेव्हा रात्री हॉटेलात जॅझ वाजवून दिवसा स्टुडिओत असायचे. फ्रँक फर्नांड, ख्रिस पेरी हेही ट्रम्पेटवालेच. त्यामुळे नुसतं 'वाटतंय' नको, कशावरून तेही सांगा.

आणखी एक घोळ आहे. ज्याने तबकडी डिजिटल करून दिली, त्याचं यंत्र बहुतेक जोरात फिरत होतं. वेग सहा टक्के वाढला की पट्टी अर्ध्या स्वराने चढते, थरथरही घाईची वाटते. वेग उतरवूनच ऐका.

चिक यांच्या स्वतःच्या बँडच्या तबकड्या कोणाकडे आहेत का? शेजारी ठेवून ऐकायच्या आहेत. धोबीतलाव, गिरगावकडे कोणाच्या घरातले स्टुडिओत वाजवायचे, त्यांनाही ऐकवा. क्लिप मेसेजमध्ये पाठवतो.