ठाण्यातल्या बाल्कनीत पहिलं बोन्साय: जुनिपर घ्यावं की फायकस?

कावेसर_बाल्कनी:
नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला 12व्या मजल्यावर राहतो. बाल्कनी पश्चिमेची, दुपारी दोननंतर कडक ऊन आणि वारा भरपूर. बोन्साय पहिल्यांदाच करतोय. जुनिपर (थंड प्रदेशातलं सूचीपर्णी झाड) मनात भरलंय, सगळीकडे ‘काटक झाड, बर्फातही टिकतं’ असं वाचतो. मग इथे सहज जगेल ना? नाहीतर नर्सरीतून काय आणू? सोसायटीच्या भिंतीवर पिंपळाचं रोपही आलंय, ते चालेल का?

कुंडीतलं_रान:
बर्फात काटक असलेलं झाड ठाण्यात काटक ठरत नाही. जुनिपर हिवाळ्यात वाढ थांबवून विश्रांती घेतं आणि त्यासाठी काही आठवडे 10 अंशांखालची थंडी लागते. आपल्याकडे जानेवारीतल्या पहाटेही पारा सहसा 15च्या वरच असतो. विश्रांती न मिळालेलं झाड हळूहळू खचतं आणि पावसाळ्यात मुळं कुजली की संपतं. फसगत अशी की मुळं मेल्यावरही पानं कित्येक आठवडे हिरवीच दिसतात. शंका आली तर फांदी नखाने हलकेच खरवडून बघा. सालीखाली हिरवा ओला थर नसेल तर ती फांदी गेली.

जपानी मेपल आणि लार्च या थंडीतल्या झाडांचंही तेच. मनालीकडे ही झाडं जरूर लावावीत. पण तिथेही कुंडीतली मुळं जमिनीतल्या मुळांपेक्षा लवकर गोठतात, म्हणून हिवाळ्यात कुंडी मातीत पुरून ठेवणं चांगलं.

तुम्ही नांद्रुक घ्या, म्हणजे नर्सरीतलं बारीक पानांचं फायकस. ‘लाँग आयलंड’ मागितलंत तरी चालेल. उंचीकडे बघू नका. वरची माती बोटाने सारून बुंध्याशी मुळं चारी बाजूंना पसरलीत का ते बघा. फुगीर मुळांवर कलम केलेलं ‘जिनसेंग’ नको, त्याचा जोड कायम डोळ्यात खुपतो.

पिंपळ जगेल, पण त्याची पानं मोठी, देठ लांब. लहान झाडात प्रमाण जमवणं कठीण. काढायचाच तर भर पावसाळ्यात काढा, निम्मी पानं छाटा आणि मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा.

वाशी_गच्ची:
नांद्रुकाला माझाही दुजोरा. माती मात्र नर्सरीतली लाल नको, ती दगडासारखी घट्ट होते आणि पाणी कडेने वाहून जातं. मिश्रण मापाने: 5 भाग विटांचे 3 ते 6 मिमी तुकडे, 2 भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 2 भाग जुनं शेणखत, 1 भाग पर्लाइट (पांढरे हलके खनिज दाणे). विटांची पूड चाळून फेका. तीच तळाशी बसून भोकं बुजवते आणि जुलैत मुळं कुजतात.

कुंडी बदलायची ती फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये, नाहीतर पाऊस स्थिरावल्यावर. मुळं एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. झाड तारेने कुंडीच्या भोकांना बांधा. वाऱ्याने हललं तर नवी मुळं तुटतात. बोन्सायच्या उथळ ट्रेची घाई नको. निदान दोन वर्षं 10-12 इंची पसरट टबात वाढू द्या, उथळ ट्रेमध्ये बुंधा जाड व्हायला फार वेळ लागतो.

एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या उन्हात कुंडी तापते आणि मुळं भाजतात. 50 टक्क्यांची शेडनेट लावा. पाणी ठरलेल्या वेळी नको. काडी दोन सेंमी खुपसा, कोरडी निघाली की तळातून वाहीपर्यंत घाला.

कावेसर_बाल्कनी:
खूप आभार! नांद्रुकच आणतो. सोबत जेड (जाड, रसाळ पानांचं झाड) ठेवलं तर? आणि फांद्यांना आकार द्यायला तार कधी गुंडाळू?

कुंडीतलं_रान:
जेड घ्याच, पण त्याचे नियम उलटे. मुळं कापल्यावर आठवडाभर पाणी नको, जखमा आधी सुकू द्या. जून ते सप्टेंबर पाऊस लागणार नाही असं आत ठेवा. खोड मऊ लागलं की कूज सुरू झालीय समजा.

नांद्रुकाला तार कुंडी बदलल्यावर निदान दोन महिन्यांनी. अॅल्युमिनियमची, फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश, 45 अंशांच्या तिरक्या वेढ्यांनी. पावसाळ्यात फांदी इतकी झपाट्याने फुगते की तीन-चार आठवड्यांत तार सालीत रुतते, म्हणून दर आठवड्याला बघा. काढताना उलटी उलगडू नका, निपरने (तार कापायच्या पकडीने) वेढा-वेढा कापा. फांदी छाटली की त्या जागी पांढरा चीक येईल, तो ओल्या फडक्याने टिपा आणि कात्री लगेच धुवा, वाळला की निघत नाही.