मदत हवी आहे: काचेमागच्या लक्ष्मीचा फोटो कसा काढू?

मंडळी, परवा आपापल्या आवडी सांगायचं ठरलं ना, तर माझं वेड म्हणजे रविवर्मा प्रेसची जुनी देवांची चित्रं, १८९४ ला मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला तो छापखाना, तिथे चित्र दगडावर उतरवून त्यावरून छापायचे, एकेका रंगाला वेगळा दगड लागायचा. सगळ्यात लाडकी आजीच्या देवघरातली लक्ष्मी, साडीवर टिकल्या आणि जर चिकटवलेली, खाली ओल लागून तपकिरी डाग पडलाय. तुम्हाला दाखवायचीय पण मोबाईल धरला की काचेत ट्यूबलाईट आणि माझंच थोबाड 😅 फ्रेम उघडायला भीती वाटते, कागद काचेला चिकटलाय बहुतेक. लाईट कुठून देऊ? आणि प्रिंट जुनीच आहे की नंतरची कॉपी, भिंगातून कळतं का काही?