वीपिंग चेरीला सरळ फांद्या आणि पांढरी फुले: कापावे की झाडच बदलावे?

प्रश्न – एडिसनवासी

नमस्कार. न्यू जर्सीत एडिसन येथे आम्ही नुकतेच जे घर घेतले, त्याच्या दर्शनी अंगणात शोभेच्या चेरीचे एक जुने झाड आहे. ते 'वीपिंग चेरी' म्हणून लावलेले आहे आणि त्याच्या बहुतेक फांद्या खरोखरच जमिनीकडे लोंबतात. या वसंतात त्या फांद्यांवर पाने येण्यापूर्वीच फिकट गुलाबी फुले आली. ती गळून गेल्यावर मात्र झाडाच्या मधोमध सरळ वर गेलेल्या तीन-चार जाड फांद्या फुलल्या, आणि त्यांची फुले पांढरी शुभ्र, आकाराने मोठी व कोवळ्या पानांसोबत आलेली होती. आता त्याच फांद्यांवर बारीक हिरवी फळे धरली आहेत. दरम्यान लोंबत्या भागातील काही डहाळ्या वाळू लागल्या आहेत.

खोड जवळून पाहिले, तेव्हा साधारण माझ्या खांद्याच्या उंचीवर एक फुगीर गाठ दिसली. तिच्या वरची आणि खालची साल एकसारखी नाही. सरळ फांद्या या गाठीच्या किंचित खालून निघाल्या आहेत. हा काही रोग आहे का? त्या फांद्या कापायच्या असतील तर केव्हा व कशा कापाव्यात? नेवार्कच्या ब्रँच ब्रुक पार्कमध्ये योशिनो जातीच्या चेरीची झाडे पाहिल्यापासून, हे झाड काढून त्या जागी योशिनोच लावावे, असेही घरात बोलले जात आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – फुलोरा

हा रोग नाही. तुमच्या झाडाचा खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधले ते मुळाकडचे झाड, वरच्या कलमावर मात करू लागला आहे, आणि तुम्ही इतके बारकाईने पाहिले आहे की निदानाला फारसे काही उरलेले नाही. शोभेच्या चेरीचे बी लावले तर रोप मूळ झाडासारखे निघेलच असे नाही, म्हणून ही झाडे कलमानेच वाढवतात. रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूस बांधतात, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की आंब्याचे कलम जमिनीलगत असते, तर लोंबत्या चेरीचे बऱ्याचदा माणसाच्या खांद्याइतके उंच बांधलेले असते, कारण फांद्यांना लोंबायला उंची हवी. त्यामुळे गाठीखालचे सगळे खोड खुंटाचेच असते आणि त्यावर कुठेही फुटवा येऊ शकतो. खुंट म्हणून बहुधा मॅझार्ड, म्हणजे युरोपातील रानटी गोड चेरी, वापरतात. पांढरी फुले, उशिराचा बहर आणि लहान फळे ही सर्व लक्षणे तिच्याशी जुळतात.

मुळांतून येणारे पाणी व अन्नद्रव्ये सरळ, जोमदार फांद्या आधी ओढून घेतात आणि त्यांच्या सावलीत लोंबता भाग कमकुवत होत जातो. डहाळ्या वाळण्याचे कारण बहुधा हेच असावे. दुर्लक्ष केले, तर काही वर्षांनी अंगणात फक्त रानटी चेरी उरेल, म्हणून या फांद्या कापायलाच हव्यात.

बहर संपल्यानंतर, उन्हाळ्याच्या सुरुवातीला सलग कोरडी हवा असेल असे दिवस निवडावेत, कारण ओल्या हवेत चेरीच्या जखमेतून जिवाणूंचा व बुरशीचा शिरकाव लवकर होतो. जाड फांदी एका दमात कापू नये. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालच्या बाजूने थोडी खाच पाडावी, मग तिच्या जरा पुढे वरून कापावे, म्हणजे फांदी आपल्या वजनाने मोडताना साल खोडापर्यंत सोलत जात नाही. उरलेला खुंटारा शेवटी काढावा. फांदी खोडाला मिळते तिथे साल थोडी फुगलेली आणि सुरकुतलेली दिसते. ती सुरकुती शाबूत ठेवून तिच्या लगत काप घ्यावा, कारण जखम तिथूनच भरून येते. एका वर्षात झाडाच्या एकूण विस्ताराच्या चौथ्या हिश्शाहून जास्त भाग काढू नये. तुमच्या वर्णनावरून हे काम दोन वर्षांत विभागावे लागेल असे वाटते. नंतर गाठीखाली नवे फुटवे येतीलच. ते कोवळे असतानाच अंगठ्याने चोळून काढले, तर पुन्हा करवत हातात घ्यावी लागत नाही.

उत्तर – तोक्योहून

फुलोरा यांच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. झाड काढण्याच्या विचाराबद्दल मात्र कळकळीने सांगावेसे वाटते की तो सोडून द्यावा. लोंबती चेरी ही सामान्यतः एडोहिगान या दीर्घायुषी जातीचे रूप असते. फुकुशिमातील मिहारू गावची ताकिझाकुरा याच प्रकारातली असून तिचे वय हजार वर्षांहून अधिक मानले जाते. अर्थात कलमी झाडाला इतके आयुष्य मिळेल असे नाही. तुम्ही पाहिलेली योशिनो, म्हणजेच सोमेई योशिनो, हा त्याच एडोहिगानचा ओशिमा चेरीशी झालेला संकर असून एकोणिसाव्या शतकात आजच्या तोक्योतील कोमागोमे भागातून तो सर्वत्र पसरला. ही सगळी झाडे एकाच मूळ झाडाची कलमे असल्याने एका परिसरात ती एकदम फुलतात. म्हणूनच यासुकुनी मंदिरातील एका ठरलेल्या झाडावर पाच-सहा फुले उमलली, की हवामान खाते तोक्योत बहर सुरू झाल्याचे जाहीर करते. परंतु याच एकसारखेपणामुळे त्यांची दुखणीही सारखीच असतात, आणि सुमारे साठ वर्षांत ती थकतात असे येथे सर्रास मानले जाते.

साकुरा (चेरी) कापणारा मूर्ख आणि उमे (जपानी आलुबुखारा) न कापणारा मूर्ख, अशी एक म्हण येथे प्रचलित आहे. चेरीची जखम सहज कुजते हे खरेच आहे, पण ही म्हण शब्दशः घेऊन तुम्ही छाटणी टाळू नये. आओमोरी हा सफरचंदाच्या बागांचा प्रांत आहे. तेथील हिरोसाकी उद्यानात सफरचंदाच्या छाटणीचे तंत्र चेरीला लावले गेले, आणि आज तेथे शंभरी ओलांडलेली सोमेई योशिनोची शेकडो झाडे फुलतात. त्यांतले एक तर १८८२ साली लावलेले आहे. छाटणी विचारपूर्वक केली तर झाडाचे आयुष्य वाढते, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. येथील माळी मोठ्या कापावर बुरशीनाशक मलम लावतात. अमेरिकेत ते सहसा लावत नाहीत, तेव्हा तुम्ही तिकडचीच पद्धत पाळावी.

एडिसनवासी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. झाड ठेवायचे, हे घरात ठरले आहे. अशा छाटणीने पुढच्या वर्षीचा बहर कमी होईल का? आणि एवढे करूनही लोंबता भाग सावरला नाही तर काय करावे?

उत्तर – फुलोरा

पुढच्या वसंताच्या फुलकळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात. लोंबत्या भागाला जूनमध्येच मोकळा उजेड मिळाला, तर बहर कमी होण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता अधिक आहे. फक्त या उन्हाळ्यात पाऊस ओढ देईल तेव्हा झाडाला सावकाश, खोलवर पाणी द्यावे. बुंध्याभोवती लाकडाच्या भुश्श्याचे आच्छादन घालायचे असेल, तर ते खोडाला चिकटवू नये. डिंक येत असेल, तर त्यात भुसा किंवा किडीची विष्ठा मिसळलेली आहे का ते पाहावे. तशी आढळल्यास तो खोडकिडा समजावा आणि त्याचा उपाय लगेच करावा.

दोन वर्षांनंतरही लोंबता भाग मरतुकडाच राहिला, तर नवीन झाड आणायला हरकत नाही, परंतु ते त्याच खड्ड्यात लावू नये. जुन्या चेरीच्या मुळांभोवतीच्या मातीत नवी चेरी नीट धरत नाही, म्हणून जागा काही फूट बाजूला, पाणी साचणार नाही अशी आणि दिवसभर ऊन मिळेल अशी निवडावी.