मदत हवी आहे : एकाच बाटलीनंतर सकाळपासून उलट्या, कारण काय?

बिनसाखरी :
माझा भाऊ, वय ३४. काल रात्री स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एकच बाटली, तीही जेवणाआधी. तासाभरात चेहरा लाल, छातीत धडधड. सकाळपासून तीन उलट्या. सोबतच्यांनी तेवढीच घेतली, ते ठणठणीत. हे पित्त म्हणायचं का? आत्ता काय द्यावं?

खलबत्ता :
‘एकच बाटली’ हा हिशेब फसवा आहे. ८ टक्क्यांच्या ६५० मिलीत अल्कोहोल ५२ मिली, म्हणजे साधारण ४१ ग्रॅम. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलीत १० ग्रॅम असतं. थोडक्यात, रिकाम्या पोटी चार पेग. यकृत तासाला ढोबळमानाने ७ ते १० ग्रॅमच निकालात काढतं.

पण लाली आणि धडधड वेगळी. यकृत अल्कोहोलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, मग त्याचं अ‍ॅसिटेट. मधला पदार्थ विषारी. तो साठला की हीच लक्षणं दिसतात. पुढचं काम करणारं एन्झाइम जन्मतः कमजोर असणारे जपान, चीन, कोरियात पुष्कळ, आपल्याकडे कमी. असं नेहमी होतं का? गोळ्या कुठल्या चालू आहेत?

बिनसाखरी :
पहिल्यांदाच झालं. दाढेसाठी मेट्रोनिडॅझोल ४०० ही जंतुसंसर्गावरची गोळी होती, दिवसातून तीनदा. पण ती परवाच संपली!

खलबत्ता :
संपली तरी पुढचे तीन दिवस दारू नको, त्याच गटातल्या टिनिडॅझोललाही तेच. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध मुद्दाम हीच गडबड घडवतं. मेट्रोनिडॅझोल खरंच तसं वागतं का, यावर तज्ज्ञांत वाद आहे. तरी पहिला संशय तिच्यावरच. दंतवैद्याला कळवा.

कोरी_चिठ्ठी :
उलटी झाल्यावर दहा मिनिटं काहीच देऊ नका. मग ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यात कालवून दर दोन मिनिटांनी एक-दोन चमचे. गटागटा प्यायला दिलं की पुन्हा उलटी. लिंबूपाणी, कोरी कॉफी नको, जठराला आधीच सूज असते. डोकं दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नको, आज पॅरासिटामॉलही टाळा. ‘उतारा’ म्हणून पुन्हा घोटभर देणं हा तर शुद्ध वेडेपणा.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर लगेच तपासा, ती घसरलेली असू शकते. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, असंबद्ध बोलणं सुरू झालं, हाक मारून जाग येईना, तर थेट इस्पितळ. झोपवताना कुशीवर. बाटली सीलबंद होती ना? सुट्या दारूनंतर नजर धूसर झाली तर मिथेनॉलचा धोका असतो, आणि ते लक्षण १२ ते २४ तासांनीही उमटतं.