सिंहाची जोडी आणली की पिल्लं, इतकं सोपं असतं होय?

कांडीवाला डॉक्टर
काल रात्रीपासून 'मंगळवार पेठ' यांची पोस्ट गावभर फिरतीय. मला मेव्हण्यानं पाठवली, भाच्यानं पाठवली, सकाळी दूध घालायला आलेल्या पोरानं परत दाखवली. ज्यांच्यापर्यंत पोचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 'कोल्हापूरला मोठं झू पायजेच. गुजरातकडनं सिंहाची जोडी आणायची. दोन वर्षांत चार पिल्लं, पाच वर्षांत पंधरा. मग मुंबई-पुण्याला आपणच पुरवू. महाराजांच्या काळात चित्ते पाळलेलं गाव हाय, आमाला कोण शिकवणार?'

मी शिकवतो, बसा.

बावीस वर्षं करवीर-कागल भागात जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरतोय. रोज गायी-म्हशींना कांडी, म्हणजे वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी, भरायची, कांडीवरचा वळूचा नंबर कार्डावर लिहायचा. कारण त्याच वळूची कालवड उद्या माजावर आली तर तिला बापाचीच कांडी जाऊ नये. एकदा घाईत मीच कार्ड बघितलं नाही. मालक म्हणाला, 'नंबरचं काय घिऊन बसलाय, भरा.' भरली. वासरू झालं ते खालचा जबडा आखूड, सड तोंडात धरता येईना. आठ दिवस बाटलीनं पाजलं, नवव्या दिवशी गेलं. योगायोग असेल. पण तेव्हापासून कार्डाशिवाय मी गोठ्यात पाय ठेवत नाही.

सिंहाचं कार्ड म्हणजे स्टडबुक. आपल्या दारात हेळवी येतो बघा, वही काढून सात पिढ्यांची नावं वाचणारा, तसला सगळ्या संग्रहालयांचा मिळून एक हेळवी. गीरमधनं धरलेला मूळ प्राणी कोण, कुणाचं रक्त सगळीकडं पसरलंय, कुणाचं एका म्हाताऱ्या मादीवर अडकलंय. ज्याचे सोयरे वहीत कमी, त्याची जोडी आधी लावायची. नराची आयाळ भारी आहे, पब्लिक फोटो काढतंय, याला तिथं काडीची किंमत नाही.

वहीच चुकली तर? अमेरिकेनं 1981 साली आशियाई सिंहांचा असाच कार्यक्रम काढला. मूळ प्राणी पाच. 1987 साली रक्त तपासलं तर पाचातले दोन आफ्रिकी वंशाचे. तोवर त्यांची पिल्लावळ सगळीकडं गेलेली. अख्खा कार्यक्रम गुंडाळला. आपल्याकडं पंजाबात छतबीरच्या झूमध्ये सर्कशीतले आफ्रिकी आणि आपले एकत्र आले, संकर वाढत गेला, शेवटी नरांची नसबंदी करून ती ओळ संपवायची पाळी आली. एकेक सिंह म्हातारा होऊन मरेपर्यंत सांभाळायचा, पुढं वंश नाही. बघणाऱ्याला काय, सिंह तो सिंह! पोटाखाली लोंबणारी कातडीची वळी आणि आयाळीतनं दिसणारे कान हे आशियाईचं लक्षण, पण संकरात त्यावरनं काय खात्री देणार?

आणि चित्त्याचा अभिमान मलाही आहे. पण पाळले होते, *पैदास* केली नव्हती. अकबराकडं हजार चित्ते होते असं जहांगीर लिहितो. त्यात पिल्लं झाल्याचं एकच उदाहरण: एका नराचा पट्टा सुटला, तो मादीकडं गेला, तीन पिल्लं झाली. त्यानंतरची नोंद थेट 1956 ची, फिलाडेल्फियाची. मधल्या साडेतीनशे वर्षांत राजेरजवाडे नुसते धरत आणि मागवत होते. आपल्या संस्थानानं शेवटी शेवटी आफ्रिकेतनं आणले. तेव्हा 'कोण शिकवणार' हे जरा जपून.

मंगळवार पेठ
डॉक्टर, एवढं लिहायला वेळ कवा मिळतो? संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानानं 2020 ला मुंबईला शक्ती-करिश्मा ही वाघांची जोडी दिली, 2021 ला राणीच्या बागेत वीरा जन्मली. त्यांना जमतं, आमाला का नाही? आमची पोरं सिंह बघायला बोरिवलीलाच जायाची का? तुमचा गायीचा हिशेब गायीपाशी ठेवा.

कांडीवाला डॉक्टर
संभाजीनगरनं 'पुरवले' नाहीत. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय वाघ देता येत नाही, घेता येत नाही, आणि तेही मान्यता असलेल्या संग्रहालयांतच. बोरिवलीला 2022 ला जुनागढच्या सक्करबाग झूची सिंहाची जोडी आली ती वाघांची जोडी देऊन. तुम्ही बदल्यात काय देणार? रंकाळ्यातली जलपर्णी?

मंगळवार पेठ
रंकाळ्यावर जाऊ नका हं.

फक्त वाचतो
सिंह नको तर पांढरा वाघ आणा. गर्दी त्यालाच होते.

कांडीवाला डॉक्टर
घ्या. 1951 ला रीवाला मोहन नावाचं पिल्लू धरलं. साध्या वाघिणीपासून एकबी पांढरं होईना, म्हणून त्याच्याच मुलीवर, राधेवर, त्याला सोडला. 1958 ला चार पांढरी पिल्लं. तिथनं बाप-लेक, भाऊ-बहीण हेच चालू राहिलं. डोळे तिरळे असतात ते गोड दिसायला नव्हे. डोळ्याकडनं मेंदूकडं जाणाऱ्या नसाच चुकीच्या बाजूला जातात. आपण भावकीत सोयरीक करत नाही आणि वाघाची केलेली तिकीट काढून बघायला जातो.

कात्रजकर
लेखाचा सूर पटला, पण डॉक्टरसाहेब, एक बाजू तुम्ही सोयीस्कर गाळली. वही म्हणते 'हिची जोडी नको', म्हणून मादी वर्षानुवर्षं वेगळी. माझा आतेभाऊ एका संग्रहालयात पिंजऱ्यावर होता (कुठल्या ते लिहीत नाही). त्यांच्याकडची सिंहीण कधी व्यायलीच नव्हती. एक दिवस खाणं सोडलं, कोपऱ्यात बसून मागचं अंग चाटत राहिली. पोट उघडलं तर गर्भपिशवीत पू. मोठ्या मांजरांत न व्यालेल्या माद्यांना हे होतं, आणि संप्रेरकांच्या जुन्या गर्भनिरोधकांनी तर जास्तच. म्हणून युरोपात काही ठिकाणी पिल्लं होऊ देतात आणि जास्तीची मारतात. कोपनहेगनला 2014 मध्ये तरुण जिराफ मारून सिंहांना घातला, जगभर बोंब झाली. आपल्याकडे ते होणार नाही, होऊही नये. पण मग जास्तीचे नर कुठे ठेवायचे हे तुमचा हेळवी सांगत नाही.

कांडीवाला डॉक्टर
पिशवीत पू हा प्रकार मी कुत्र्यांत आठवड्याला एक बघतो, त्यामुळं नाही म्हणता येत नाही. हे लिहायचं राहिलं. 'सोयीस्कर गाळली' हा शब्द मात्र खास पुण्याचा.

शिरोळची सून
तुमची वही, तुमचा हेळवी, तुमचं प्राधिकरण, सगळं वाचलं. एकच विचारते. आमच्या नांदणीच्या माधुरीला नेलं तेव्हा कुठली वही बघितली होती? 1992 पासून मठात होती ती. 2025 च्या जुलैत कोर्टाचा निकाल लागला आणि हत्तीण गेली जामनगरला, रिलायन्सवाल्यांच्या वनतारात. लग्न होऊन मी इकडं आले तेव्हा सासूबाई आधी तिच्याकडं घेऊन गेल्या होत्या. तिनं सोंड डोक्यावर ठेवली, आणि सोंडेच्या टोकाची ती ओली ऊब मला अजून आठवते. आता कुणी प्राण्यांच्या 'व्यवस्थापना'बद्दल बोललं की माझं डोकं फिरतं. आज सिंह आणाल, उद्या मोठा कुणीतरी येऊन घेऊन जाईल.

मंगळवार पेठ
ताई, लाखात एक बोललात! ह्यावर डॉक्टर गप.

कात्रजकर
हत्तीण आणि सिंहांची पैदास यांचा काय संबंध? आणि न्यायालयापुढच्या अहवालात पायाचा संसर्ग, संधिवात, मानसिक त्रास असं स्पष्ट होतं. भावना असतात, पण सिमेंटवर एकटी उभी असलेली हत्तीण सुखी असते असं म्हणणं म्हणजे…

शिरोळची सून
एकटी? रोज गावची पोरं तिच्याभोवती असायची. तुम्ही नांदणी बघितलीय का कधी, का नकाशावर शोधली?

कात्रजकर
पोरं म्हणजे हत्ती नव्हेत, ताई. हत्तीला हत्ती लागतो.

मंगळवार पेठ
ओ पुणेकर, इथं येऊन आमच्या माधुरीवर बोलायचं काम नाही. तीन ऑगस्टला नांदणीपासनं कलेक्टर ऑफिसपर्यंत चालत आलोय आमी, मूक. पायाला फोड आले. घरातली जिओची पाच सिमकार्डं बदलली. तुमी काय केलं, दुपारी झोपलासा?

कात्रजकर
हे बघा, वैयक्तिक नको. मूक मोर्चाबद्दल आदर आहे. सिमकार्ड बदलून हत्तिणीचे तळवे बरे होतात का, एवढंच विचारतोय.

शिरोळची सून
तळव्यांवर इलाज करायला डॉक्टर इथं आले असते की. हत्तीण न्यायलाच का लागते? *तुमच्याच* धाग्यात लिहिलंय, प्राणी परवानगीनं हलतात. कुणाची परवानगी? आम्हाला कुणी विचारलं? निघताना तिच्या डोळ्यातनं पाणी येत होतं.

कांडीवाला डॉक्टर
ताई, डोळ्यातल्या पाण्याचं सोडा. हत्तीला अश्रू वाहून न्यायची नळीच नसते, पाणी गालावरनंच येतं, सुखातबी येतं.

शिरोळची सून
बघा, हे. म्हणून तुम्हाला लोक डॉक्टर म्हणतात, माणूस म्हणत नाहीत.

कांडीवाला डॉक्टर
मागं घेतो. खरंच. त्या दिवशी आमची आई टीव्हीपुढं बसून रडली होती, मला तिला हे सांगायचं धाडस झालं नव्हतं. इथं बरं झालं.

आजरेकर
हत्तीवर आलाच आहात तर गव्यांवरबी बोला की राव. माझा तीस गुंठे ऊस एका रात्रीत आडवा. पंचनाम्याला सातव्या दिवशी आले, आणि साहेब विचारतोय 'गवाच होता कशावरून?' खुरं एवढी वीतभर उमटलेली! दाजीपूरच्या अभयारण्यात गवे मावेनात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 ला झाला, त्याचं ऑफिस कोल्हापुरात हाय, आता ताडोबाकडनं वाघ आणून चांदोलीत सोडायलेत. जंगलात खरे वाघ येत असताना पिंजऱ्यातला सिंह कशाला पायजे? वाघ वाढला तर गवा तरी कमी होईल.

फक्त वाचतो
वाघानं तुमचाच बैल नेला तर?

आजरेकर
तर पंचनाम्याला चौदाव्या दिवशी येतील.

मंगळवार पेठ
विषय सिंहाचा हाय. डॉक्टर म्हणत्यात वही पायजे. मग आपण वहीत नाव घालू. सक्करबागेकडं अर्ज करू. हे नको ते नको म्हणण्यापरीस काय करायचं ते सांगा.

कांडीवाला डॉक्टर
बरं, सांगतो. पहिलं, पैदास विसरायची. वहीनं ज्यांना पुढं वंश नको म्हटलंय असले दोन नर सांभाळायला मागायचे. जागा अडवून बसलेल्या नरांना घर दिलं तर पैदास करणाऱ्या संग्रहालयांची मोठी अडचण सुटते. कात्रजकरांनी विचारलेल्या प्रश्नाचं हेच अर्धं उत्तर, मला आत्ता सुचलं. दुसरं, एका सिंहाला दिवसाला आठ-दहा किलो मांस, आठवड्यात एक उपास. ते कुठनं आणणार? नागपुरात गोरेवाड्याला बर्ड फ्लूनं तीन वाघ आणि एक बिबट्या गेला, हे कोंबडीचं कंत्राट काढताना ध्यानात ठेवायचं. तिसरं, भटकी कुत्री. 2018 ला गीरमध्ये वीसेक सिंह गेले त्यात डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूचा रोग होता. आपल्या गावात रात्री अकराला गाडीवरनं जाऊन दाखवा, मग सिंहाच्या कुंपणाबाहेर किती कुत्री असतील ते मोजा.

मंगळवार पेठ
म्हंजे आमी दुसऱ्याचे म्हातारे नर पोसायचे, पिल्लं कुणाच्यातरी घरी. वा! कोल्हापूर म्हंजे सिंहांचा वृद्धाश्रम.

कात्रजकर
पोरांना पिंजऱ्याबाहेरून फरक कळणार आहे का? नरच जास्त बघतात लोक.

मंगळवार पेठ
…हे बरोबर हाय. पण पोस्ट मागं घेणार नाही.

चित्तेवानाचा नातू
दोन दिवस वाचतोय. डॉक्टरांनी महाराजांच्या चित्त्यांबद्दल 'पैदास केली नव्हती' असं तिरकस लिहिलं म्हणून चार शब्द. माझे आजोबा चित्तेखान्यात होते. पोरवयात लागले, चित्त्याच्या बाजेशेजारी झोपायचे. डोळ्यावरची चामड्याची झापड काढायची वेळ गाडीवर उभं राहून कळायची म्हणायचे. काळवीट दिसायच्या आधी चित्त्याच्या मानेवरचे केस हलतात. असली माणसं पुस्तक वाचून होत नसतात. तुम्ही त्यांना अडाणी ठरवू नका.

कांडीवाला डॉक्टर
अडाणी म्हटलेलं दाखवा. उलट मला हेच विचारायचं होतं: आजोबांनी कधी पिल्लू बघितलं होतं का?

चित्तेवानाचा नातू
नाही. ते मी लिहिणार नव्हतो. नर-मादी शेजारी शेजारी बांधलेले असायचे, रोज एकमेकांचं तोंड बघायचे. आजोबा म्हणायचे, 'नवरा-बायको नव्हं, भाऊ-भाऊ झाले ते.'

कांडीवाला डॉक्टर
आता शास्त्र तेच सांगतं. मादी एकटी राहणारी. नर कायम नजरेसमोर असला की ती माजावर येत नाही. वेगळी ठेवायची, वेळेवर भेट घालायची. तुमच्या आजोबांनी एका ओळीत सांगितलं, मला पानभर लागलं. मानलं.

चित्तेवानाचा नातू
उशिरा का होईना.

फक्त वाचतो
झापड अजून आहे का घरात? फोटो टाका की.

चित्तेवानाचा नातू
झापड उंदरांनी खाल्ली. लांब दांड्याची लाकडी पळी आहे. काळवीट पाडल्यावर त्यात रक्त घेऊन चित्त्यापुढं धरायची, तो ते चाटायला वळला की शिकार सोडवून घ्यायची. आई उन्हाळ्यात कुरडयांचा चीक त्याच पळीनं हलवते. तिला कुणी सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.